मॅनेज्ड की अनमॅनेज्ड? दादरच्या एका निदान केंद्राच्या सर्व्हरचे प्रकरण

सोमवार, २५ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दादर पश्चिमेच्या एका निदान केंद्राच्या व्यवस्थापक बाईंचा मला फोन आला. मी सर्व्हरची कामे बाहेरून करून देतो. गणेश चतुर्थी दोन दिवसांवर होती, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या रुग्णांची रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि नोंदणीच्या तिन्ही संगणकांवर एकच संदेश दिसत होता: डेटाबेसशी संपर्क होत नाही. केंद्रातले संगणक पाहणारा मुलगा आदल्या रात्रीच्या कोकणकन्येने कणकवलीला निघाला होता. गाडी बोगद्यांच्या पट्ट्यात असल्याने त्याचा फोन लागत नव्हता. सर्व्हर ज्या कंपनीकडून भाड्याने घेतला होता तिच्या मदत क्रमांकावर बाईंनी आधीच विचारले होते. यंत्र चालू आहे, वीज आहे, नेटवर्क आहे, असे त्यांना सांगण्यात आले. ते उत्तर अक्षरशः खरे होते, आणि या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

केंद्राची मुख्य जागा दादरला असून मुलुंड, ठाणे आणि डोंबिवली येथे शाखा आहेत. रक्त-लघवीच्या तपासण्या, एक्स-रे आणि सोनोग्राफी सगळीकडे होतात, सीटी स्कॅन फक्त दादरला होतो. रुग्णाची नोंदणी, नळीवर चिकटवायचे बारकोड, अहवाल, अहवालाची मोबाइलवर जाणारी लिंक आणि स्कॅनच्या चित्रांचा साठा हे सगळे नवी मुंबईत महापे येथील डेटा सेंटरमधल्या एकाच डेडिकेटेड, म्हणजे पूर्णपणे केंद्रापुरत्याच राखलेल्या, सर्व्हरवर चालत होते. हे यंत्र २०१९ मध्ये अनमॅनेज्ड स्वरूपात, म्हणजे देखभाल आपली आपणच करायची अशा अटीवर, घेतले होते: आठ कोर, ६४ जीबी मेमरी, चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क सॉफ्टवेअर रेड-१ मध्ये (म्हणजे दोन्हींवर सारखाच मजकूर लिहिला जाईल अशा) जोडलेल्या, वर सेंटओएस ७ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आणि मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस. सीटीच्या एका तपासणीची चित्रे शेकडो मेगाबाइट जागा घेतात, रोजचा भार जवळपास सारखा असतो आणि साठा मात्र वाढतच जातो. अशा कामाला वापरानुसार बदलणाऱ्या क्लाउडच्या बिलापेक्षा महिन्याचे ठरलेले भाडे सोयीचे पडते. त्यामुळे डेडिकेटेड सर्व्हर घेण्याचा निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही.

अनमॅनेज्ड घेण्यामागेही तेव्हा कारण होते. केंद्राकडे लिनक्स उत्तम जाणणारा एक तरुण होता. त्यानेच यंत्र उभे केले, रेड जोडले, फायरवॉलचे नियम लिहिले आणि डिस्क बिघडल्यास इशारा यावा म्हणून ईमेलची सोयही केली. अनमॅनेज्ड करारात भाड्याने देणाऱ्याची जबाबदारी यंत्र, वीज, थंडावा आणि नेटवर्क इथपर्यंत असते, आणि एखादा भाग बिघडल्याचे ग्राहकाने कळवले तर तो बदलून देणे एवढे त्यात येते. ऑपरेटिंग सिस्टिमपासून वरचे सर्व काही भाडेकरूचे. हे त्या तरुणाला माहीत होते आणि तो ते करत होता. मे २०२५ मध्ये त्याला चांगली नोकरी मिळाली आणि तो रीतसर नोटीस देऊन गेला. त्याच्या जागी आलेला मुलगा प्रिंटर, वायफाय आणि बारकोड यंत्रे नीट सांभाळतो. सर्व्हर त्याच्या कामाच्या यादीत कोणी लिहिलाच नव्हता.

त्या सकाळी काय दिसले

मी ठाण्याच्या घरून यंत्रात शिरलो. फाइल सिस्टिमने चुका आढळल्यावर स्वतःला केवळ वाचनापुरते करून घेतले होते, म्हणून डेटाबेस थांबला होता. रेडची स्थिती दाखवणारी फाइल उघडली, तर ओळीच्या शेवटी चौकटी कंसात जिथे दोन यू असायला हवेत तिथे एक यू आणि एक अधोरेघ होती. ती अधोरेघ म्हणजे जोडीतली एक डिस्क गेलेली. नोंदी मागे चाळल्या तेव्हा ती २ ऑगस्टलाच बाहेर पडली होती असे दिसले. तेवीस दिवस केंद्र एकाच डिस्कवर चालले होते, आणि आता त्याच डिस्कवर वाचनाच्या चुका येत होत्या. दोन्ही डिस्क एकाच वेळी बसवलेल्या, एकाच वयाच्या, सहा वर्षे सारखाच भार वाहिलेल्या; पहिली गेली की दुसरीचेही दिवस भरत आलेले असतात, हे अशा जोड्यांबाबत गृहीतच धरावे लागते.

यंत्राने सांगायचे ते सांगितले होते. २ ऑगस्टला रेडच्या देखरेखीचे एक पत्र गेले होते, आणि १९ ऑगस्टपासून दुसऱ्या डिस्कबद्दलची पत्रेही जात होती. ती सगळी नोकरी सोडून गेलेल्या तरुणाच्या कार्यालयीन ईमेलवर साचली होती. खाते बंद केलेले नव्हते. ते उघडणारे कोणी उरले नव्हते, इतकेच.

सहा पस्तीसला मी होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे, टिकीट (मदतीची लेखी विनंती) टाकले. वीस मिनिटांत उत्तर आले: खराब डिस्कचा सीरियल नंबर कळवा आणि ती काढण्यास लेखी परवानगी द्या. अनेकांना हे उत्तर निर्दय वाटेल, पण ते योग्यच होते. तंत्रज्ञाने रॅकपाशी जाऊन अंदाजाने डिस्क ओढली आणि ती चालू असलेली निघाली, तर उरलेसुरलेही जाते. अडचण अशी की पूर्ण मेलेली डिस्क आपला नंबर सांगत नाही. म्हणून जिवंत डिस्कचा नंबर काढून, ‘ही सोडून दुसरी’ असे लिहायची तयारी केली. मग मात्र मी हात आवरला. नवी डिस्क बसवली की रेड जुन्या डिस्कचा प्रत्येक कोपरा वाचून नवीवर उतरवू लागते. आधीच चुका देणाऱ्या डिस्कवर तो भार टाकण्याआधी तिच्यातला मौल्यवान मजकूर बाहेर काढणे आवश्यक होते. त्याच कंपनीकडून दुसरे यंत्र मागवले, ते साडेदहाला हाती आले, आणि आधी डेटाबेस, मग अहवाल, शेवटी चित्रे या क्रमाने प्रती काढल्या.

दादरला तोवर बाईंनी कार्बन पेपर लावून हाताने पावत्या लिहायला कर्मचाऱ्यांना बसवले होते आणि नळ्यांवर नावे पेनाने लिहिली जात होती. कोणाचे रक्त कोणाच्या नावावर जाऊ नये म्हणून प्रत्येक नळीमागे दोघांच्या सह्या घेण्याचा नियम त्यांनी जागच्या जागी केला. त्यांचे श्रेय मोठे आहे. त्या दिवशी एकाही नमुन्याची अदलाबदल झाली नाही.

सेवा दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता पूर्ववत झाली. डेटाबेस पूर्ण मिळाला. चित्रांपैकी १९ तपासण्यांच्या फाइली वाचता आल्या नाहीत. त्यांतल्या १४ तपासण्यांच्या फाइली सीटी यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर अजून शिल्लक होत्या, त्या पुन्हा पाठवल्या. पाच कायमच्या गेल्या. त्या पाचांपैकी तिघांकडे छापील फिल्म होती. उरलेल्या दोघांपैकी एक डोंबिवलीचे वृद्ध गृहस्थ होते, ज्यांच्या मार्चमधल्या छातीच्या स्कॅनशी नवा स्कॅन ताडून पाहायचा असे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवले होते. तो जुना स्कॅन आता कुठेच नाही. सर्व्हरच्या कामात इतकी वर्षे घालवूनही हे मला फार लागले, आणि पुढच्या बैठकांत मी वारंवार याच गोष्टीकडे परत येत राहिलो.

प्रश्न नीट मांडणे

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संचालक डॉक्टरांनी मॅनेज्ड सेवा घ्यावी का, म्हणजे यंत्राबरोबर त्याची देखभालही भाड्याने देणाऱ्याकडेच सोपवावी का, यावर बैठक घेतली. त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता: “माणूस सोडून गेला आणि त्याचा ईमेल कोणी पाहिला नाही, हा आमचा दोष. मग त्यासाठी दरमहा दुप्पट भाडे का द्यायचे? ईमेलचा पत्ता बदलू या, काम संपले.”

पत्ता बदलणे हे खरोखर पहिले काम होते आणि ते त्याच दिवशी, एक पैसाही खर्च न करता झाले. इशारे आता एका सामायिक पत्त्यावर जातात आणि तो पत्ता चौघेजण पाहतात. पण पत्र वाचल्यानंतर काय करायचे हे त्या चौघांपैकी एकालाही माहीत नव्हते. शिवाय पत्र रात्री दोन वाजता आले तर ते सकाळी नऊ वाजता वाचले जाणार, आणि केंद्र सहाला उघडते.

इथे मी एक साधा हिशेब मांडला. आठवड्यात १६८ तास असतात. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असे धरले तरी सगळे तास झाकायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण आणि गणपतीत गावाला जाणे धरले तर चार-पाच. केंद्राला एकाच सर्व्हरसाठी पाच माणसे ठेवणे शक्य नाही, आणि एकच कितीही हुशार माणूस ठेवला तरी तो १६८ पैकी ४८ तासांचाच धनी असतो. २०१९ ते २०२५ या काळात रात्री काही झाले नाही, म्हणून हा फरक कोणाच्या लक्षात आला नव्हता. मॅनेज्ड सेवेत आपण प्रामुख्याने विकत घेतो ते हे उरलेले १२० तास. ज्ञान तर त्या तरुणाकडे भरपूर होते.

तिसरा पर्याय पुढे आला तो बाहेरच्या माणसाला मासिक रिटेनरवर, म्हणजे दरमहा ठरलेल्या मानधनावर, ठेवण्याचा. मुंबईत अशी कामे करणारे अनेक आहेत आणि मीही त्यांतलाच एक आहे, त्यामुळे माझे हितसंबंध त्यात आहेत हे मी बैठकीच्या सुरुवातीलाच सांगितले. माझा सल्ला त्या पर्यायाच्या विरुद्ध होता. मी एकटा काम करतो. मी आजारी पडलो किंवा माझाच फोन बोगद्यात अडकला, तर केंद्र पुन्हा २५ ऑगस्टच्या सकाळी उभे राहते. दोन-तीन जणांचा गट पाळीने काम करत असेल तर रिटेनर जरूर विचारात घ्यावा. एका माणसाच्या भरवशावर रुग्णालयाचा वा निदान केंद्राचा सर्व्हर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

‘मॅनेज्ड’ म्हणजे नेमके काय

मग आम्ही तीन कंपन्यांकडून मॅनेज्ड सेवेचे दर मागवले, आणि दरांच्या आधी एक प्रश्नपत्रिका पाठवली. मॅनेज्ड हा शब्द कोणत्याही नियमाने बांधलेला नाही. प्रत्येक विक्रेता त्यात आपल्याला सोयीचा अर्थ भरतो. म्हणून आम्ही कामे एकेक करून लिहिली आणि प्रत्येकासमोर ‘कोण करणार, किती वेळात, कोणाला कळवणार’ असे तीन रकाने ठेवले. डिस्क बिघडली हे कोण पाहणार? सुरक्षिततेचे पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींच्या दुरुस्त्या, कोण लावणार आणि त्यासाठी यंत्र पुन्हा सुरू करण्याची वेळ कोण ठरवणार? डेटाबेस मंदावला तर? बॅकअप घेतला जातो का, तो कुठे राहतो, आणि तो परत उतरवून कोणी पाहिला आहे का?

उत्तरे वाचून डॉक्टर गप्प झाले. एका कंपनीच्या मॅनेज्डमध्ये कंट्रोल पॅनेल बसवून देणे आणि सांगितल्यावर यंत्र पुन्हा सुरू करणे एवढेच होते. दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच लावत होती, पण डेटाबेसला हात लावत नव्हती. तिसरीचे उत्तर सर्वांत सविस्तर होते: डिस्क आणि रेडची देखरेख, पॅच, फायरवॉल, डेटाबेस सेवा चालू ठेवणे, रोजचा बॅकअप, चोवीस तास फोनवर माणूस. मात्र ‘ग्राहकाचे वा अन्य विक्रेत्याचे सॉफ्टवेअर’ तिच्याही कक्षेबाहेर होते. म्हणजे लॅबचे सॉफ्टवेअर आणि चित्रांचा साठा सांभाळणारे पॅक्स ही केंद्राची दोन सर्वांत महत्त्वाची कामे कोणाच्याच मॅनेज्डमध्ये बसत नव्हती. ही रेषा जवळपास सर्वत्र याच ठिकाणी असते, आणि करार करण्याआधी ती बोट ठेवून दाखवून घ्यावी लागते.

९९.९ टक्के अपटाइमचे आश्वासन तिघांनीही दिले होते. याचा अर्थ महिन्याला सुमारे ४३ मिनिटे आणि वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. पण तिन्ही करारांत ती टक्केवारी वीज आणि नेटवर्कपुरती मोजली जात होती. २५ ऑगस्टच्या हिशेबाने त्या दिवशीचा अपटाइम शंभर टक्के भरला असता. भरपाईही भाड्याच्या काही टक्क्यांपुरती मर्यादित होती. ‘१५ मिनिटांत प्रतिसाद’ याचाही अर्थ पंधरा मिनिटांत पहिले उत्तर येणे हाच होता, दुरुस्ती नव्हे.

रूट कोणाकडे

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो रूटच्या, म्हणजे यंत्रावर काहीही बदलू शकणाऱ्या सर्वाधिकारी खात्याच्या, प्रश्नाने. तिसऱ्या कंपनीची अट होती की रूट पासवर्ड तिच्याकडेच राहील. ग्राहकाने परस्पर काही बदलले आणि त्यामुळे बिघाड झाला तर ती जबाबदार नाही. ही अट रास्त आहे. दोन घरमालक असलेल्या घरात नळ कोणी उघडा ठेवला याचा निवाडा होत नाही. दुसरीकडे लॅबच्या सॉफ्टवेअरचा विक्रेता म्हणत होता की रूट नसेल तर तो नवी आवृत्ती बसवू शकत नाही. गेली सहा वर्षे त्याच्या लोकांकडे तोच पासवर्ड होता, आणि तो केंद्रातल्या एका वहीत शाईने लिहिलेलाही होता.

आम्ही त्या विक्रेत्याला विचारले की रूटने तुम्ही नेमके काय करता, याची यादी द्या. यादी आली ती पाच ओळींची: एका फोल्डरमध्ये फाइली टाकणे, एक सेवा थांबवणे आणि सुरू करणे, तिच्या नोंदी वाचणे, एका ठरावीक वेळी चालणारे काम बदलणे आणि डेटाबेसमध्ये नवे रकाने जोडणे. यांतल्या एकाही कामाला संपूर्ण रूट लागत नाही. त्यांना स्वतंत्र खाते दिले, त्या खात्याला तेवढ्याच आज्ञांपुरती परवानगी दिली, आणि खात्यात शिरण्यासाठी पासवर्डऐवजी चावी, म्हणजे ज्याच्या संगणकावर असेल त्यालाच आत सोडणारी फाइल, ठेवली. वहीतले ते पान फाडण्याआधी पासवर्ड बदलला. मॅनेज्ड सेवेकडे जाण्याचा एक लाभ मी आधी मोजला नव्हता तो हाच, की कोणाला काय करता येते हे सहा वर्षांत पहिल्यांदा लिहून काढले गेले.

जुनी सिस्टिम

कंपनीने दुसरी अट घातली ती अशी की सेंटओएस ७ असलेले यंत्र ती ताब्यात घेणार नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि मायएसक्यूएल ५.७ चा ऑक्टोबर २०२३ मध्येच. त्यानंतर सापडलेल्या छिद्रांना अधिकृत ठिगळ मिळत नाही. केंद्राला वाटले होते की मॅनेज्ड घेतले की जुने यंत्र जसेच्या तसे कोणाच्या तरी डोक्यावर ठेवता येईल. तसे होत नाही. नव्या यंत्रावर अल्मालिनक्स ९ घेतले, ज्याला २०३२ पर्यंत सुरक्षिततेचा आधार आहे. डेटाबेससाठी मायएसक्यूएल ८.० चा आधारही एप्रिल २०२६ मध्ये संपणार होता, म्हणून थेट ८.४ ही दीर्घ आधाराची आवृत्ती निवडली.

तिथे एक जागा अडली. लॅबचे सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीने पासवर्ड सिद्ध करत होते आणि ८.४ मध्ये ती पद्धत मुळातच बंद ठेवलेली असते. चाचणीच्या पहिल्या दिवशी नोंदणीची खिडकी उघडेचना. ती जुनी पद्धत पुन्हा चालू करणे एका ओळीचे काम होते आणि विक्रेत्याचा तोच आग्रह होता; मी नकार दिला आणि त्यांच्याकडून जोडणीचा भाग अद्ययावत करून घेतला, ज्याला सोळा दिवस लागले. स्थलांतराचे हे सगळे काम अनमॅनेज्ड राहिलो असतो तरी करावेच लागले असते, म्हणून त्याचा खर्च मॅनेज्डच्या खात्यावर टाकू नये.

बॅकअप

बॅकअपबद्दल सविस्तर लिहितो, कारण पाच स्कॅन इथेच हरवले. जुन्या यंत्रावर डेटाबेसचा बॅकअप रोज निघत होता, पण तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये पडत होता. चित्रांचा बॅकअप नव्हताच, कारण ‘रेड आहे ना’ अशी समजूत होती. रेड एका डिस्कच्या मरणापासून वाचवते. चुकून पुसलेल्या फाइलीपासून, खंडणीखोर सॉफ्टवेअरपासून आणि आगीपासून वाचवत नाही.

मॅनेज्ड कंपनीचा बॅकअप वेगळ्या यंत्रावर होता, पण महाप्याच्या त्याच इमारतीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीचे एक संपूर्ण डेटा सेंटर जळाले, आणि ज्यांच्या बॅकअपच्या प्रती त्याच आवारात होत्या अशा काही ग्राहकांचे मूळ आणि प्रत दोन्ही गेले. म्हणून दुसरी प्रत पुण्यातल्या वेगळ्या कंपनीच्या एका लहान सर्व्हरवर ठेवली. ही प्रत मुख्य सर्व्हर ढकलत नाही. पुण्याचे यंत्र रात्री एक वाजता येऊन ती ओढून नेते. मुख्य यंत्रावर कोणी कब्जा केला तरी त्याच्याकडे पुण्याच्या यंत्राची चावी नसते, त्यामुळे त्याला तिथली प्रत पुसता येत नाही.

पुण्याचा हा सर्व्हर आम्ही जाणीवपूर्वक अनमॅनेज्ड घेतला. तो रात्री बंद पडला तर सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्या कोणाचेही अडत नाही. इशारा सामायिक पत्त्यावर येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस बसून तो दुरुस्त करू शकतो. त्यासाठी चोवीस तासांच्या पहाऱ्याचे पैसे देण्याचे कारण नव्हते.

परदेशी सर्व्हरचा स्वस्त पर्यायही हिशेबनिसांनी सुचवला होता. रुग्णांची चित्रे मुंबईहून युरोपात पाठवून मुंबईतच परत मागवायची, हे मला पटले नाही. त्याच सप्टेंबरमध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटून भारत-युरोप वाहतूक मंदावली आणि तो विषय आपोआप मागे पडला.

पैसा आणि कायदा

जुने भाडे दरमहा १४,००० रुपये होते. तिसऱ्या कंपनीच्या मॅनेज्ड सेवेचा दर ३१,००० आणि पुण्याच्या यंत्राचा ६,०००. वर १८ टक्के जीएसटी. इतर व्यवसायांना हा कर बहुधा परत वळता करून घेता येतो. निदान केंद्राची आरोग्यसेवा जीएसटीमुक्त असल्याने तिच्यासाठी खरेदीवरील कर हा निव्वळ खर्च असतो. म्हणजे महिन्याला १६,५२० रुपयांऐवजी ४३,६६०. वर्षाचा फरक ३,२५,६८० रुपये.

ऑगस्टमधल्या दीड दिवसाचे नुकसान हिशेबनिसांनी तीन लाखांच्या आसपास काढले. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘एका वर्षात वसूल’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण मी तो होऊ दिला नाही, कारण असा दिवस सहा वर्षांत एकदा आला. केवळ रुपयांत मोजले तर जुनी व्यवस्थाच स्वस्त ठरते, आणि हे डॉक्टरांना मी स्पष्टपणे सांगितले. निर्णय घ्यायचा तो हरवलेल्या पाच स्कॅनकडे पाहून, आणि तेवीस दिवस आपल्याला काहीच ठाऊक नव्हते या गोष्टीकडे पाहून.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानुसार माहिती गोळा करणाऱ्या संस्थेची जबाबदारी, तिने काम दुसऱ्याकडे सोपवले तरी, तिच्यावरच राहते. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटनेची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यायची असते आणि १८० दिवसांच्या नोंदी जपायच्या असतात. सहा तासांत कळवायचे तर आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. करारात आम्ही एक कलम घातले: संशयास्पद घटना दिसल्यापासून एका तासात कंपनीने व्यवस्थापक बाईंना फोनवर सांगायचे आणि ईमेल करायचा. कंपनीने दोन तास मागितले होते. बाई एका तासावर अडून बसल्या.

ताबा घेतल्यानंतर

नव्या यंत्रावर केंद्र ९ नोव्हेंबरच्या रविवारी हलले. दोन आठवड्यांनी डॉक्टरांची परवानगी घेऊन, पण कंपनीला न सांगता, मी रात्री अडीच वाजता लॅबच्या सॉफ्टवेअरची सेवा थांबवली आणि बाईंच्या शेजारी त्यांच्या केबिनमध्ये फोनकडे पाहत बसलो. बाई त्यासाठी मुद्दाम रात्री थांबल्या होत्या. तीन वाजले, सव्वातीन वाजले. फोन आला नाही. चार वाजता मी सेवा पुन्हा सुरू केली.

सकाळी कंपनीकडे विचारणा केली तेव्हा त्यांच्या नोंदीत रात्रभर सगळे हिरवे होते. त्यांची देखरेख वेब सर्व्हरचे दार ठोठावत होती, आणि वेब सर्व्हर चालू असल्याने दार उघडत होते. आत लॅबचे सॉफ्टवेअर मेलेले आहे आणि दारावर बिघाडाचा संदेश झळकतो आहे, हे तिला दिसत नव्हते. २५ ऑगस्टच्या ‘यंत्र चालू आहे’ या उत्तराचेच हे दुसरे रूप होते. कंपनीने चूक मान्य केली. विक्रेत्याने सॉफ्टवेअरमध्ये एक छोटे पान जोडले, जे डेटाबेसमधून शेवटच्या नोंदणीची वेळ वाचते आणि सगळे सुरळीत असेल तरच ‘ठीक’ हा शब्द दाखवते. देखरेख आता दर मिनिटाला तो शब्द शोधते आणि सलग तीनदा सापडला नाही तर ड्यूटीवरच्या माणसाला उठवते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तोच प्रयोग पुन्हा केला. दोन वाजून तीस मिनिटांनी सेवा थांबवली. दोन छत्तीसला बाईंचा फोन वाजला. पलीकडचा आवाज तरुण आणि पूर्ण जागा होता. “मॅडम, तुमचे नोंदणीचे सॉफ्टवेअर बंद दिसते आहे, पण डिस्क आणि डेटाबेस ठीक आहेत. तुमच्या यादीप्रमाणे ती सेवा सुरू करायची परवानगी मला आहे. करू का?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “करा. आणि तुमचे नाव सांगा, मला लिहून ठेवायचे आहे.”